चेटकीण कोणत्या वारी जन्मली

मोठ्या मावशीने वाचता वाचता चष्मा काढला आणि अंगणातले मुसळ थांबले, नेमकी तेव्हाच टिवा फाटकातून आत आली. रविवारची दुपार होती. चर्चहून आलेली माणसे जेवणाची वाट पाहत सावलीला बसली होती, भाडेकरणी उकडलेल्या कंदांचा फुफू कांडत होत्या आणि मधोमध खुर्ची टाकून मोठी मावशी मांडीवर कागदांचा गठ्ठा घेऊन बसली होती. गठ्ठा टिवाने लांबूनच ओळखला. तिच्या कादंबरीचाच होता तो. शेवटच्या तपासणीसाठी राजधानीतून, आक्राच्या प्रकाशकांकडून आला होता. सकाळी चर्चला जाताना तिने तो आईच्या टेबलावर ठेवला होता आणि कुणी हात लावू नका असे बजावले होते. आईने फक्त तो उचलून थोरल्या बहिणीच्या मांडीवर ठेवला होता, लेकीने काय लिहिले आहे ते चारचौघांनी ऐकावे म्हणून.

मोठी मावशी, अफिया चेरेवा, मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाली होती. तिला मनात वाचता येत नसे. ती वाचू लागली की दोन अंगणे पलीकडे ऐकू जाई.

"टिवा, इकडे ये," ती म्हणाली. "माझे डोळे गेलेत की इथं हेच लिहिलंय ते सांग. 'म्हातारी अफिया डावा पाय ओढत चाले. तिच्या नाकाखाली तपकिरीची रेघ असे. कुणाच्याही चुलीपाशी ती न विचारता थांबे, पातेल्यातले सूप चाखे, आणि ज्या घरचे सूप तिने चाखले त्या घरच्या पोराचा आवाज सकाळी नाहीसा झालेला असे.'"

अंगणात मावशीच्या डाव्या गुडघ्याकडे पाहायचे नाही म्हणून सगळे आभाळाकडे पाहत होते. मावशीच्या उजव्या हातात शेजारच्या भाडेकरणीच्या पातेल्यातला डाव होता. त्यावरून शेंगदाण्याच्या सुपाचा एक थेंब खाली पडला. तिने डाव सावकाश पातेल्यात परत ठेवला.

"मावशी, ती तुम्ही नाही," टिवा म्हणाली.

"मग कोण?"

टिवा मुलींच्या शाळेत रसायनशास्त्र शिकवत असे. पुराव्याशिवाय बोलायची तिला सवय नव्हती आणि खोटे बोलायची तर मुळीच नव्हती. कादंबरी तिने कित्येक वर्षे, शाळेच्या तपासायच्या वह्या बाजूला सारून, थोडी थोडी लिहिली होती. काळोखे रान होते ते. तिथे सासाबोन्साम नावाचा राक्षस झाडाच्या शेंड्यावर बसून पाय खाली सोडतो आणि वाटसरूला आकड्यासारख्या पावलांनी उचलून नेतो, अंगावरचे कातडे उतरवून ठेवून, काखेतून उजेड टाकत चेटकिणी उडतात, मुलांचे आवाज मडक्यात कोंडून ठेवले जातात. हे सगळे आजीने सांगितलेले होते. गुडघा, तपकीर आणि डाव कुठून आले ते टिवाला खरोखरच माहीत नव्हते. लिहिताना आले. नावाबद्दल मात्र तिने काळजी घेतली होती. टिवाच्या या वस्तीत, बांतामात, माणूस वार घेऊनच जन्माला येते. शुक्रवारची मुलगी अफिया, शनिवारची आमा, रविवारची अकोसुआ. पुढे वाटेल ते नाव जोडा, वार काही सुटत नाही. चेटकिणीला कोणता वार द्यावा यात आपली आवडनिवड येऊ नये म्हणून टिवाने एक युक्ती केली होती. ती तिने आता भाबडेपणाने सांगून टाकली.

"सात वारांच्या सात चिठ्ठ्या केल्या, प्रयोगशाळेतल्या काचपात्रात टाकल्या आणि डोळे मिटून एक काढली. शुक्रवार निघाला. निव्वळ योगायोग, मावशी."

हे ऐकून माणसे निवळतील असे तिला वाटले होते. पण डोळे मिटून काढलेली चिठ्ठी आपण काढत नसतो हे बांतामात शाळेतल्या पोरींनाही ठाऊक असते.

"म्हणजे माझं नाव तू घातलं नाहीस," मोठी मावशी हळू आवाजात म्हणाली, आणि तिचा हळू आवाज आजवर कुणी ऐकला नव्हता. "पूर्वजांनी तुझा हात धरला आणि माझ्या नावावर नेऊन ठेवला. या घरात चेटकीण कोण, ते त्यांनीच सांगितलं."

"तसं नाही हो. संभाव्यतेच्या नियमानुसार कुठलाही वार..."

"ऐकलंस का आमा?" मावशी टिवाच्या आईला म्हणाली. "आता नियमसुद्धा आहे."

सोमवारी शाळा सुटल्यावर मामांपुढे बैठक बसली. मामा सार्पोंग हे घराण्याचे कर्ते. ते न्यायाला बसले की त्यांच्याशी कुणी थेट बोलत नसे आणि तेही कुणाशी थेट बोलत नसत. मध्ये प्रवक्ते डान्सो असत. एरवी डान्सो घड्याळे दुरुस्त करीत. बैठकीत ते मामांपासून हातभर अंतरावर बसत आणि मामांनी टाकलेले कच्चे शब्द शिजवून, मीठमसाला लावून पुढे वाढत.

"तिला म्हणावं, अक्कल आहे का," मामा म्हणाले.

डान्सो टिवाकडे वळले. "मामा म्हणतात, बाळ, ज्या विहिरीचं पाणी पिऊन तू मोठी झालीस, तिच्यात खडा टाकताना आवाज किती लांब जाईल, याचा अंदाज घेतला होतास का?"

"मामांना सांगा, माझ्या हातून चूक झाली."

"ती म्हणते, सशाने हत्तीच्या वाटेत बीळ केलं खरं, पण ते हत्तीच्या पायावर डोळा ठेवून केलेलं नव्हतं."

"मला हत्ती म्हणाली का ती?" मोठी मावशी मागून म्हणाली.

हे मिटवण्यात बराच वेळ गेला. अखेर निकाल लागला. टिवाने मावशीला एक जिनची बाटली आणि टोपलीभर अंडी द्यावी, बाटलीतले चार थेंब पूर्वजांसाठी जमिनीवर ओतावे आणि चेटकिणीचा वार बदलावा. गोष्ट आजीची, म्हणजे घराण्याची. घराण्याचा शब्द मोडून ती छापली, तर टिवाचे कुणी काही करणार नव्हते, पण टिवाच्या आईला या अंगणात बसायला जागा राहणार नव्हती. हे शेवटचे वाक्य डान्सोंनी काहीही न लावता, मामांनी दिले तसेच पुढे दिले.

आक्राच्या संपादक, मिसेस लॅम्प्टे, फोनवर शांत होत्या. "एक नाव बदलायचं ना? बदला. पण शुक्रवारी दुपारपर्यंत सगळं माझ्या हातात हवं. त्यानंतर छापखाना शाळेची पुस्तकं धरणार, आणि मग तुमचं रान पुढच्या वर्षीसुद्धा उगवेल याची मी खात्री देत नाही." मग त्यांनी विचारले, "शेवट वाचलाय का तुमच्या माणसांनी?"

"नाही. दुसऱ्या प्रकरणाला थांबलेत."

"बरं आहे," मिसेस लॅम्प्टे म्हणाल्या.

त्या रात्री टिवाला झोप आली नाही. शेवटच्या प्रकरणात चेटकीण मरते. नुसती मरत नाही, तिची सख्खी भाची तिला मारते. सुपात मीठ आणि मिरपूड कालवून तिला भुलवते आणि उडण्याआधी उतरवून ठेवलेले कातडे चेटकिणीला परत सापडतच नाही. हे जर कुणी दुसऱ्या प्रकरणापुढे जाऊन वाचले असते, तर टोपलीभर अंड्यांत भागले नसते.

टिवाने मंगळवार निवडला. घरात मंगळवारची एकच होती, आजीची बहीण अबेना, आणि ती केव्हाच वारली होती. हरकत घ्यायला कुणी उरलेलेच नाही, असा टिवाचा हिशेब. दुसऱ्याच दिवशी मामांचे बोलावणे आले. जिवंत माणसाची समजूत एका बाटलीत पटते, डान्सोंनी सांगितले, पण गेलेल्याची पटली की नाही हे कळायला वर्ष लागते, आणि त्या वर्षात घरात जे काही होईल ते सगळे तुझ्या माथी येईल. टिवाने दुसरी बाटली आणली. कोपऱ्यावरच्या दुकानदाराने घरात साखरपुडा आहे का असे विचारले.

सोमवार तिच्या शाळेच्या मुख्याध्यापिकांचा होता. बुधवार धाकट्या मावशीचा, अकुआचा. ती कापड आणायला लोमेला गेली होती आणि माणूस गावात नसताना त्याचा वार वापरायचा नाही, हे टिवालाही समजत होते. गुरुवारचे नाव तिने नुसते उच्चारले तर मामांनी बैठकसुद्धा बसवली नाही. जमीन गुरुवारची. त्या दिवशी कुणी कुदळ मारत नाही. "जमिनीवर उभं राहून जमिनीलाच चेटकीण म्हणणार?" डान्सो म्हणाले आणि घड्याळाचे भिंग डोळ्याला लावून कामाला लागले.

शनिवार आईचा, त्याचा विचारच नको. राहिला रविवार. तो टिवाचा, म्हणजे अकोसुआ टिवाचा, स्वतःचा होता, आणि हे आपल्याला आधीच कसे सुचले नाही याचे तिला आश्चर्य वाटले. स्वतःच्या नावावर हरकत घेणारे जगात एकच माणूस असते आणि ते राजी होते. तिने चेटकिणीचे नाव अकोसुआ केले, मिसेस लॅम्प्टेंना कळवले आणि आईलाही सांगितले. रविवारनंतर ती पहिल्यांदाच पोटभर जेवली.

दुसऱ्या दिवशी ती मुलींना आम्ल आणि अल्क यांतला फरक दाखवत असताना प्रयोगशाळेच्या दारात पांढऱ्या कपड्यांतल्या बायका उभ्या राहिल्या. चर्चच्या प्रार्थनामंडळातल्या होत्या. पुढे होती ती टिवाची आई, रडून डोळे सुजलेली.

"आई, काय झालं?"

"मला विचारतेस? स्वतःच्या हाताने लिहून दिलंस की गं. मी चेटकीण, म्हणून. अफियाचं नाव चिठ्ठीत निघालं होतं, तुझं तर तूच घातलंस."

टिवाने समजावून पाहिले. प्रार्थनामंडळाच्या प्रमुख बाईंनी ते अतिशय प्रेमाने ऐकून घेतले. लागण झालेले माणूस असेच शहाण्यासारखे बोलते, असे त्या आईला म्हणाल्या. मग त्यांनी टिवाच्या कपाळाला तेल लावले, हातांना लावले आणि खबरदारी म्हणून काचपात्रांच्या फडताळालाही लावले. मागच्या बाकावरच्या मुलींनी सगळे नीट पाहिले. संध्याकाळपर्यंत मुख्याध्यापिकांकडे पालकांचे फोन येऊ लागले. मुख्याध्यापिका सुशिक्षित बाई होत्या. त्यांचा यावर विश्वास नव्हता, पण विश्वास नसलेल्या गोष्टींचेसुद्धा फोन घ्यावे लागतात, असे त्या टिवाला म्हणाल्या.

"आता कोण?" मिसेस लॅम्प्टेंनी फोनवर विचारले.

"तुमच्याकडे नावांचं काय करतात?"

"मी गा जमातीची आहे, बाई. आमची नावं आजोबा ठरवतात. आमच्याकडे भांडण एकाच माणसाशी असतं."

टिवा अंगणात येरझारा घालू लागली. ती बसत नव्हती, जेवत नव्हती, कोंबड्यांना वाट सोडत नव्हती. वार सातच होते. आठवा वार काढायचा तर पृथ्वीची सोय नव्हती. कादंबरी मागे घ्यावी असे एकदा तिच्या मनात आले आणि तो विचार तिने तिथल्या तिथे टाकला. इतक्या वर्षांत तिने दुसरे काही मागितले नव्हते. लग्नाचे विचारायला आलेल्यांना चहा देऊन पाठवून दिले होते, सुट्या घालवल्या होत्या, आणि ते सगळे आता एका वारावर अडून बसले होते.

आई उखळापाशी बसून तिच्याकडे पाहत होती. बराच वेळ पाहून म्हणाली, "माझं घाल."

"काय?"

"शनिवार. आमा. माझं नाव घाल आणि बस खाली. पायाखालची माती झिजवलीस."

"आई, लोक तुला..."

"म्हणू देत. तुला पोटात घेऊन मी केजेटियाच्या बाजारात कांदे विकलेत, मला लोकांचं काय सांगतेस? मीच कबूल म्हटल्यावर सार्पोंग कशावर बसणार?"

मामा बसलेच नाहीत. आईने स्वतः जाऊन डान्सोंना सांगितले, डान्सोंनी मामांना आणि मामा म्हणाले, ज्याचा वार त्याची खुशी. टिवाने गुरुवारी सकाळी नाव बदलून पाठवले. मिसेस लॅम्प्टेंनी पोहोच दिली. तिथे सगळे संपायला हवे होते.

त्याच सकाळी आई बाजारात गेली. मोठ्या मावशीच्या वाचनाने आणि मागच्या बैठकांनी ही कथा वस्तीभर झालेली होतीच. आता चेटकीण शनिवारची झाली हेही भाडेकरणींनी तत्परतेने पोचवले होते. टोमॅटोवालीने ढिगाच्या वरचे टोमॅटो बाजूला सारले आणि तळचे, टणक आणि लाल, आईच्या टोपलीत भरले. भाव सांगताना तिचा आवाज बसला होता. परतीच्या गाडीत ड्रायव्हरशेजारची जागा आपोआप रिकामी झाली. संध्याकाळी चर्चच्या गायनवर्गात पुढच्या रांगेतली बाई उठून मागे गेली. भाडेकरणींची सुपाची पातेली झाकणासकट दाराशी येऊन बसली, आधी तुम्ही चाखा म्हणून.

"गंमत आहे बाई," आई जेवताना म्हणाली. "साठ वर्षं मी सभ्यपणे वागले, कुणी खुर्ची दिली नाही."

हे सगळे मोठी मावशी आपल्या दारातून पाहत होती. रविवारपासून मंगळवारपर्यंत, अपमानाच्या भरात तिच्या लक्षात आले नव्हते, पण आता आठवू लागले. त्या दोन दिवसांत नळावरची रांग तिच्यासाठी मोकळी झाली होती. वरच्या मजल्यावरच्या पोराने ढोल वाजवणे बंद केले होते. शाळेत तीस वर्षे छडी घेऊन जे जमले नाही ते जमले होते, आणि ते तिने टोपलीभर अंड्यांना विकले होते.

शुक्रवारी सकाळी टिवा शाळेला निघाली तेव्हा मावशी फाटकात उभी होती. तिने अंड्यांची टोपली पुढे केली.

"ही घे. परत."

"का मावशी?"

"चिठ्ठी कुणाची निघाली होती? माझी. पूर्वजांनी दिलेलं माणसाने उलटं फिरवायचं नसतं, मी रागात होते म्हणून बोलले. आमाचा काय संबंध? तिचा गुडघा चांगला आहे. तपकीर तिने जन्मात ओढली नाही. उद्या लोक पुस्तक वाचतील आणि म्हणतील, हे काही जुळत नाही. तू शास्त्र शिकलेली ना? मग खरं ते लिही."

आई मागून आली. ती एरवी थोरल्या बहिणीपुढे आवाज चढवत नसे. "दिलेलं नाव परत घ्यायची रीत कुठे आहे?"

"मी परत घेत नाही, माझं होतं तेच मागते."

"चार दिवसांपूर्वी तर रडत होतीस."

"तेव्हा तू हसत होतीस."

इतक्यात धाकटी मावशी अकुआ लोमेहून उतरली, डोक्यावर कापडाचा गठ्ठा. तिला गाडीतच सगळे कळले होते. गठ्ठा खाली ठेवायच्या आत तिने विचारले, बुधवारला कुणी विचारलेच नाही ते का. आपण गावात नसलो की आपला वाटा जातो हे घरात नवे नाही, असेही ती म्हणाली. तिचे दुकान बाजारात होते आणि चेटकिणीच्या दुकानात भाव करायची छाती कुणाची झाली असती, हा मुद्दा तिने मांडला नाही, पण तो सगळ्यांना दिसला.

मामांना उठवण्यात आले. मामा बसले, डान्सो बसले, आणि तिघी बहिणी एकाच वेळी बोलू लागल्या. डान्सो तिकडे वळत होते, इकडे वळत होते, आणि शिजवायला वेळ न मिळाल्यामुळे शब्द कच्चेच पुढे जात होते. त्यामुळे मामांना पहिल्यांदाच सगळे नीट कळले आणि त्यांनी डोळे मिटून घेतले.

टिवाच्या हातातला फोन वाजला. मिसेस लॅम्प्टे होत्या. छापखान्याचा माणूस दारात उभा आहे, म्हणाल्या. शनिवार कायम ना?

टिवाने अंगणात पाहिले. शनिवार शुक्रवारच्या तोंडासमोर बोट नाचवत होता आणि बुधवार मध्ये पडल्यासारखे करून दोघींनाही चिमटे काढत होता. या तिघी गेल्या कित्येक वर्षांत एका गोष्टीसाठी इतक्या मनापासून भांडल्या नव्हत्या, आणि ती गोष्ट तिने लिहिलेली होती.

"वार काढून टाका," ती म्हणाली. "सगळीकडे नुसतं 'मावशी' करा."

"म्हातारी मावशी?"

"म्हातारी काढा. जगायचंय मला."

तिने फोन ठेवला आणि निर्णय डान्सोंना सांगितला. डान्सोंनी तो मामांना, मामांनी तो डान्सोंना, डान्सोंनी तो तिघींना सांगितला. तिघींनी आपापला हिशेब केला. टिवाला मोठी मावशी मावशीच होती, धाकटीही मावशीच. आई जरा वेळ बोटांवर नाती मोजत राहिली, मग म्हणाली, "अकुआच्या पोरांची मी मावशीच की." मामांनी डोळे उघडले आणि सगळ्यांना घरी पाठवले.

पुस्तक आले ते कोरडे वारे सुटले तेव्हा. ओठ फुटत होते आणि खुर्च्यांवर धुळीचा थर बसत होता. मुखपृष्ठावर झाडाच्या शेंड्यावरून आकड्यासारखी दोन पावले लोंबत होती. दर रविवारी दुपारी मोठी मावशी अंगणात वाचू लागली. वस्तीतले लोक आपापल्या खुर्च्या घेऊन येत. मामा येत, डान्सो शेजारी बसत. 'मावशी' हा शब्द आला की मोठी मावशी किंचित थांबे, आई पदराने वारा घेई आणि धाकटी मावशी शेजारणीला कोपर मारी. मावशीने प्रवाशाचा आवाज मडक्यात भरला तेव्हा अंगणात टाळ्या पडल्या. मावशी काखेतून उजेड टाकत नदीवरून उडाली तेव्हा मामा पुटपुटले, "घराण्याचा उजेड," आणि डान्सोंनी त्यात काहीही मिसळले नाही.

टिवा मात्र एकेका रविवारी वाळत चालली होती. प्रकरणे संपत आली होती. पुस्तक परत मागवता येत नव्हते, शेवटची पाने फाडावी तर प्रत्येकाकडे प्रत होती. तिघी बहिणी तिच्याकडे अभिमानाने पाहत आणि ती पुस्तकाच्या उरलेल्या पानांकडे पाही. ज्या बाईसाठी यांनी रक्ताचे पाणी केले होते तिला यांचीच भाची मारणार होती, छापील अक्षरात.

शेवटच्या रविवारी ती बसलीच नाही. आधी तिने कोंबड्यांना दाणे टाकले, मग पुन्हा टाकले. मग फाटकाची कडी घासून पाहिली. मागे मोठ्या मावशीचा आवाज चालू होता. भाचीने सूप रांधले. भाचीने त्यात मीठ कालवले. मावशी चुलीपाशी थांबली, न विचारता डाव उचलला.  कातडे सापडेना. मावशी रानाच्या वर एकदा लकाकली, विझली, आणि सकाळी झाडाखाली थोडी राख होती ती वाऱ्याने नेली. समाप्त.

टिवा फाटकाकडे तोंड करून उभी होती. पळायला ते बरे पडले असते.

"टिवा," मोठी मावशी म्हणाली.

"मावशी, ही गोष्ट आजीनेच अशी सांगितली होती..."

"पुढचं पान कुठाय?"

"पुढे काही नाही. संपली."

"मेली?"

"हो."

"बरं, मेली. ज्याचा जन्म त्याचं मरण. पण मर्तिक?"

टिवा वळली. मोठी मावशी पुस्तक उलटेसुलटे करून पाहत होती, पाने चिकटली आहेत का म्हणून.

"एवढी मोठी बाई," मावशी म्हणाली, "अख्खं रान जिला घाबरायचं, ती गेली, आणि मंडप नाही? शवपेटी नाही? लाल-काळं कापड कुणी नेसलं नाही? वाऱ्याने नेली म्हणे. कुत्रं आहे का ती?"

"माझ्या दुकानातून कापड घेता आलं असतं," धाकटी मावशी म्हणाली.

"अगं, एक बँडसुद्धा लावला नाहीस," आई म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले. "लोक काय म्हणतील, घरचं कुणी नव्हतं का तिला?"

मामा डान्सोंकडे झुकले. डान्सोंनी बराच वेळ ऐकून घेतले. मग ते उभे राहिले. "मामा म्हणतात, मारलं ते गोष्टीची गरज म्हणून मारलं असेल, त्यात घराणं पडत नाही. पण मेलेल्याला पोचवलं नाही, तर ते रानात फिरत राहतं. या घराण्याची बाई फिरत राहणार नाही. दुसरं पुस्तक लिही. पहिल्या पानापासून मर्तिक."

 टिवाने जवळची खुर्ची ओढली आणि किती आठवड्यांनी कोण जाणे, ती बसली. थोड्या वेळाने तिने विचारले, "रडणार कोण तिच्यासाठी? भाचीनेच तर मारलं."

"मग भाचीनेच सगळ्यांत मोठ्यानं रडायचं," मोठी मावशी म्हणाली. "तेही शिकवू का तुला? ऐक नीट, नंतर विचारू नकोस."

ती उठली, दोन्ही हात डोक्यावर ठेवले आणि तिने हंबरडा फोडला. उंच झाड कोसळले गं, म्हणाली, आता पाखरांनी कुठे जायचे. नदी ओलांडणारे, तुझा उजेड कुणाच्या हाती दिलास. शब्द जुने होते, आजीच्या मर्तिकाला म्हटले होते तेच असावेत, पण मावशी ते जणू आज जुळवत होती. धाकटी मावशी उठून तिच्या मागे उभी राहिली आणि ओळ उचलू लागली. आई रडू लागली. भाडेकरणी रडू लागल्या. टिवाने डोळ्यांना हात लावला तेव्हा तो ओला झाला. आपणच मारलेल्या, आपणच रचलेल्या बाईसाठी हे कसे, याचे तिला काही स्पष्टीकरण देता येईना, आणि तिने दिलेही नाही.

मोठ्या मावशीचा आवाज दोन अंगणे पलीकडे गेला, आणि तिथून पुढच्यांनी पुढे नेला. फाटक उघडले. शेजारच्या घरचे कर्ते घाईघाईने काळे कापड खांद्यावरून घेत आत आले. मागे त्यांच्या बायका डोक्यावर खुर्च्या घेऊन. त्यांच्या मागे गल्लीतले, त्यांच्या मागे गायनवर्गातल्या दोघी, आणि सगळ्यांच्या शेवटी वार्‍यात डगमगत एक मंडपाचा बांबू येताना दिसला.

"कोण गेलं?" शेजारच्या कर्त्यांनी टोपी काढून विचारले.

मावशी थांबली. अंगण थांबले. सगळ्यांनी मामांकडे पाहिले, मामांनी डान्सोंकडे पाहिले. मग मामा झुकले आणि डान्सोंच्या कानात एकच शब्द बोलले, "मावशी."

डान्सोंनी घसा साफ केला. "बसा," ते म्हणाले. "आधी सगळ्यांना पाणी द्या गं."